अंगात संधिवात, डोक्यात धुवारी : ऑटोइम्यून आजारातला 'ब्रेन फॉग' नेमका असतो काय?

डिसेंबर उजाडला की वाशिम, रिसोड, मालेगावकडच्या शेतकऱ्याला एका गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे धुवारी. तूर फुलोऱ्यात असते, पहाटे दाट धुकं उतरतं आणि फुलं गळायला लागतात. शेत जागेवरच असतं, बांधही जागेवरच असतो, पण चार हातांवरचं काही दिसत नाही.

संधिवात, ल्युपस, थायरॉईड यांसारखे आजार असलेले अनेक जण आपल्या डोक्याचं वर्णन असंच करतात. सगळं माहिती असतं, पण वेळेवर सापडत नाही. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडतं. गॅसवर दूध ठेवलं आणि मागच्या दारी गेलं की दूध ठेवल्याचंच विसरायला होतं. बचत गटाची वही समोर असते, पण तीच बेरीज तीनदा करूनही उत्तर वेगवेगळं येतं. इंग्रजीत याला 'ब्रेन फॉग' म्हणतात, म्हणजे मेंदूवर उतरलेलं धुकं.

आपल्याकडे मात्र याला वेगळीच नावं मिळतात. 'कुठी असते वं तुह्यं ध्यान?' असं सासूबाई विचारतात. नवरा म्हणतो, 'मोबाईल पाहून पाहून डोकं गेलं.' शेजारीण सांगते, 'बाहेरचं काही लागलं असेल, दाखवून या.' आणि त्या बाईला स्वतःलाच वाटायला लागतं की आपण आळशी झालोय, नाहीतर वेड लागायच्या वाटेवर आहोत.

या लेखात एवढंच समजून घ्यायचंय की हा आळस नाही आणि वेडही नाही. हे आजाराचं एक लक्षण आहे. त्यामागची काही कारणं साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि बरीही होतात. पण दुर्लक्ष केलं तर एका गोळीच्या चुकीने जीवही धोक्यात येऊ शकतो. ती गोळी कोणती, तेही पुढे पाहू.

आधी हे ऑटोइम्यून प्रकरण काय आहे?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. ऑटोइम्यून आजारात ही फौज आपलं-परकं ओळखण्यात चुकते आणि आपल्याच शरीरावर चाल करते. मराठीत म्हणतात ना, कुंपणानेच शेत खाल्लं, तोच हा प्रकार.

हल्ला सांध्यांवर झाला तर आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉईड आर्थरायटिस. थायरॉईड ग्रंथीवर झाला तर हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव पडलं. डोळ्यांच्या आणि तोंडाच्या ओलाव्याच्या ग्रंथींवर झाला तर शोग्रेन सिंड्रोम. मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांवरच्या आवरणावर झाला तर मल्टिपल स्क्लेरोसिस. आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त असा अनेक ठिकाणी झाला तर ल्युपस.

गेल्या काही वर्षांत हा शब्द सिनेमाच्या बातम्यांतूनही कानावर आला. २०२२ मध्ये समंथा रुथ प्रभूने आपल्याला मायोसायटिस हा स्नायूंचा ऑटोइम्यून आजार झाल्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये अर्जुन कपूरने हाशिमोटोबद्दल सांगितलं. पण हे आजार फक्त सिनेमावाल्यांचे नाहीत. ते शेतात निंदणाला जाणाऱ्या बाईलाही होतात. तिथे फक्त त्यांचं नाव उशिरा कळतं.

सांधे दुखतात, मग डोकं का मंदावतं?

तुम्हाला सणकून ताप आला होता तो दिवस आठवा. त्या दिवशी कोणी १७ गुणिले ६ विचारलं असतं तर? उत्तर येत नाही असं नाही, पण डोकं चालायला तयार नसतं. बोलावंसं वाटत नाही, उजेड नको वाटतो, पडून राहावंसं वाटतं.

हे ताप डोक्यात चढल्यामुळे होत नाही. जंतूंशी लढताना शरीर सायटोकाईन नावाची रसायनं सोडतं. या रसायनांचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदू कामाचा वेग कमी करतो. आजारपणात शक्ती वाचवण्याची ही शरीराची जुनी सोय आहे. ताप उतरला की दोन-चार दिवसांत गाडी पुन्हा रुळावर येते.

ऑटोइम्यून आजारात ही लढाई थांबतच नाही. आग मोठी नसते, पण धुमसत राहते. त्यामुळे तापाच्या दिवशीचं ते मंदावलेपण महिनोन्‌महिने थोड्या प्रमाणात चालू राहतं. त्यात रात्रभर सांधे ठणकतात, झोप तुटते. दुखणं सहन करण्यातच मेंदूचं निम्मं लक्ष खर्च होतं. मग उरलेल्या अर्ध्या लक्षात घर, शेत आणि हिशोब बसवायचा असतो.

ल्युपसमध्ये आणखी एक गोष्ट असते. काही रुग्णांत अशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी सापडल्या आहेत, ज्या मेंदूतल्या पेशींनाही इजा करू शकतात. १९९९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने ल्युपसमध्ये मेंदू आणि नसांशी संबंधित १९ प्रकारचे त्रास होऊ शकतात अशी यादी केली. त्यात लक्ष, स्मरण आणि विचार मंदावणं याचाही समावेश आहे. म्हणजे हा त्रास डॉक्टरी पुस्तकात आहे, रुग्णाच्या मनात नाही.

हे विसरणं म्हातारपणीच्या विसरण्यासारखं आहे का?

नाही. ही भीती अनेकांना असते, म्हणून फरक समजून घेऊ.

स्मृतिभ्रंशात आठवणच हळूहळू पुसली जाते आणि ते सहसा त्या माणसाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं. ब्रेन फॉगमध्ये बहुतेक वेळा आठवण आत असते, पण ती बाहेर काढायला वेळ लागतो. तूर किती कट्टे झाली हे आत्ता आठवत नाही, पण संध्याकाळी पाय धुताना अचानक आठवतं. नेहमीचे त्रास साधारण असे :

- बोलताना शब्द न सापडणं, एका वस्तूऐवजी दुसऱ्याच वस्तूचं नाव घेणं
- दोन कामं एकत्र करता न येणं, मध्ये कोणी बोललं की हातातलं काम विसरणं
- वाचलेलं किंवा ऐकलेलं डोक्यात न टिकणं
- नेहमीच्या हिशोबाला दुप्पट-तिप्पट वेळ लागणं
- थोडं डोक्याचं काम केलं तरी गळून गेल्यासारखं वाटणं

आणखी एक खूण म्हणजे ब्रेन फॉग कमी-जास्त होतो. आजार भडकला, झोप झाली नाही, ऊन लागलं की वाढतो, मग पुन्हा थोडा निवळतो. म्हणूनच घरच्यांना संशय येतो की 'काल तर बरी होती, आज नाटक करते.' ते नाटक नाही. कमी-जास्त होणं हा या त्रासाचा स्वभावच आहे.

वाशिम जिल्ह्यात असे किती लोक असतील?

पुण्याजवळच्या भिगवण गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोपडा आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका उपक्रमात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. त्यात साधारण दर २०० प्रौढांमागे एकाला आमवात आढळला. महाराष्ट्राच्या खेड्यात आमवात किती आहे, याचा हा मोठा आधार आहे.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण १२ लाख. त्यात प्रौढ ८ लाख धरले आणि भिगवणचं प्रमाण लावलं तर आमवाताचेच ४ हजारांच्या आसपास रुग्ण निघतात. हा निव्वळ ढोबळ हिशोब आहे, मोजणी नाही. पण 'आमच्याकडे असले आजार नसतात' असं म्हणता येणार नाही, एवढं त्यावरून कळतं.

यात बायका जास्त असतात. आमवातात पुरुषांच्या सुमारे तिप्पट, तर ल्युपसमध्ये १० रुग्णांपैकी ९ बायका. त्यातही ल्युपस बऱ्याचदा ऐन तारुण्यात आणि बाळंतपणाच्या वयात गाठतो. म्हणजे ज्या वयात घर, लेकरं आणि मजुरी असं सगळं एकाच बाईच्या डोक्यावर असतं, त्याच वयात ते डोकं धुवारीत सापडतं.

धुकं एकच, पण कारणं अनेक

इथे सर्वांत कामाची गोष्ट येते. ब्रेन फॉग ऑटोइम्यून आजारामुळे आहे असं धरून गप्प बसायचं नाही. कारण त्याच रुग्णात आणखी दोन-तीन कारणं लपलेली असू शकतात, आणि ती दुरुस्त होतात.

रक्त कमी असणं : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. मेंदूला प्राणवायू कमी मिळाला की लक्ष लागत नाही. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

बी-१२ ची कमतरता : हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं. शाकाहारी घरात दूधही चहापुरतंच असेल तर ते कमी पडतं. विसरणं, हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. काही ऑटोइम्यून आजारांत अन्नातलं बी-१२ नीट शोषलंच जात नाही, तेव्हा इंजेक्शनं घ्यावी लागतात.

थायरॉईड : भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर १० प्रौढांपैकी साधारण एकाला थायरॉईड कमी काम करत असल्याचं आढळलं. एक ऑटोइम्यून आजार असेल तर दुसरा होण्याची शक्यता वाढते. म्हणून आमवात किंवा ल्युपस असणाऱ्यांनी टीएसएच तपासून घ्यावं. आणि थायरॉईडची गोळी सुरू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तासांचं अंतर ठेवावं. चहासोबत गोळी घेतली तर ती नीट लागू पडत नाही आणि आपण म्हणतो, 'औषध घेऊनही फरक नाही.'

झोप आणि मन : दुखण्यामुळे झोप तुटते. सततच्या आजाराने उदासी येते. उदासीमुळेही विचार मंदावतात. मन मोकळं करायला 'टेलिमानस' ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

औषधं : सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, काही तीव्र वेदनाशामकं आणि नसांच्या दुखण्याच्या गोळ्या डोकं जड करतात. स्टिरॉईडमुळे झोप उडते आणि साखर वाढते. पण म्हणून कोणतीही गोळी स्वतःच बंद करू नका. विशेषतः स्टिरॉईड एकदम थांबवणं धोक्याचं असतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टिरॉईड बनवणं कमी केलेलं असतं.

ऊन : ल्युपसमध्ये सूर्यप्रकाशाने आजार भडकू शकतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे असतो आणि शेतमजुरीला सावली नसते. लांब बाह्यांचा सदरा, रुंद दुपट्टा किंवा टोपी, आणि जमेल तितकं काम सकाळी लवकर उरकणं हा इथे औषधाचाच भाग आहे.

आठवड्याची गोळी रोज घेतली तर?

आता त्या गोळीकडे येऊ. आमवातात जगभर सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. स्वस्त आहे, जुनं आहे, लाखो लोकांचे सांधे त्याने वाचवले आहेत. पण त्याची एक अट आहे. आमवातात ही गोळी आठवड्यातून फक्त एकदाच घ्यायची असते.

आपल्याला सवय असते रोज गोळी घ्यायची. डोक्यात धुकं असलेल्या माणसाला काल गोळी घेतली की परवा हे आठवत नाही. चुकून ती रोज घेतली गेली तर रक्तपेशी तयार होणं थांबू शकतं आणि माणूस दगावू शकतो. ही चूक जगभर होते. इतकी की युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये ती टाळण्यासाठी नवे नियम सुचवले, त्यात पाकिटावर ठळक इशारा छापणंही होतं.

खेड्यात यावर एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे आठवडी बाजार. तुमच्या गावच्या बाजाराचा वार घरात कोणीच विसरत नाही. डॉक्टरांना विचारून तोच वार गोळीचा ठरवा. 'बाजाराचा दिवस, गोळीचा दिवस.' त्याशिवाय :

- डॉक्टरांना चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहायला सांगा, नुसतं 'आठवड्यातून एकदा' नको.
- ही गोळी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. वेगळी डबी, घरच्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात.
- गोळी घेतली की लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. गोल दिसला म्हणजे घेतली. डोक्याला आठवायला लावू नका.
- सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी असते. दोन्ही पिवळ्या असू शकतात, म्हणून रंगावर जाऊ नका, नाव वाचा.
- एखादा वार चुकला तर पुढच्या वेळी दोन डोस एकत्र घेऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा.

तोंडात फोड, घसा दुखून ताप, अंगावर काळे-निळे डाग, सतत उलट्या, दम लागणं यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. नेहमीच्या रक्ततपासण्या टाळू नका. आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा, कारण हे औषध पोटातल्या बाळाला घातक आहे.

दवाखान्यात गेल्यावर काय सांगायचं?

वाशिममध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आता सुरू झालंय. राज्यातल्या १० नव्या महाविद्यालयांपैकी एक म्हणून ९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. तरी संधिवाताच्या खास तज्ज्ञासाठी अनेकांना अजून अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावं लागतं. म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, भाड्याचे पैसे जातात आणि डॉक्टरांसमोर मिळतात पाच-सात मिनिटं. त्यात डोक्यात धुकं! सांगायचं ते सगळं परतीच्या एसटीत आठवतं.

म्हणून जाण्याआधी दोन दिवस एक पान तयार करा. लिहिता येत नसेल तर मुलाला किंवा आशाताईंना सांगून लिहून घ्या. त्यात पाच गोष्टी हव्यात :

१. त्रास कधीपासून आहे. 'दिवाळीपासून', 'पेरणीच्या वेळेपासून' असं चालेल.
२. एक-दोन ठोस उदाहरणं. 'डोकं चालत नाही' एवढ्यावर डॉक्टरांना फार काही कळत नाही. 'बचत गटाचा हिशोब पूर्वी २० मिनिटांत व्हायचा, आता दीड तास लागतो' यावरून कळतं.
३. कधी वाढतो, कधी कमी होतो.
४. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, बाजारातून आणलेली सांधेदुखीची पूड, सगळं. काही बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉईड मिसळलेलं सापडतं, म्हणून ते लपवू नका.
५. विचारायचे तीन प्रश्न. पहिला : 'माझं हिमोग्लोबिन, बी-१२, टीएसएच, साखर कधी तपासली?' दुसरा : 'आजार सध्या आटोक्यात आहे का?' तिसरा : 'यातली कोणती गोळी डोकं जड करत असेल?'

सोबत एक माणूस न्या. डॉक्टर बोलतात ते त्याने ऐकावं. अंतर फार असेल तर 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून आरोग्य केंद्रातून किंवा मोबाईलवरूनही डॉक्टरांशी बोलता येतं. भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

रोजचं जगणं : डोक्यावरचा भार खाली उतरवा

ब्रेन फॉगवर एक जादूची गोळी नाही. पण एक सूत्र आहे. जे डोक्याबाहेर ठेवता येईल ते डोक्यात ठेवायचं नाही.

जागा ठरवा. किल्ली एकाच खुंटीला, चष्मा एकाच कोनाड्यात, दवाखान्याची फाईल एकाच पिशवीत. शोधण्यात जाणारी शक्ती वाचते.

मोबाईलला कामाला लावा. लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं असतं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवता येतो. 'उद्या बँकेत जायचं, पासबुक न्यायचं' असं बोलून ठेवा, सकाळी ऐका. गॅसवर काही ठेवलं की लगेच दहा मिनिटांचा गजर लावा.

एका वेळी एकच. भाकऱ्या थापताना फोन नको. हिशोब करताना टीव्ही बंद. पैसे मोजताना कोणी बोललं तर हात वर करून थांबवा, त्यात अपमान काही नाही.

चांगला तास ओळखा. कोणाला सकाळी सांधे आखडतात आणि १० नंतर मोकळं वाटतं, कोणाला दुपारनंतर डोकं बंद होतं. आठवडाभर पाहा. पैशांचे, कागदपत्रांचे, निर्णयाचे विषय त्या चांगल्या तासातच घ्या. धुक्याच्या दिवशी कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही नको.

थकायच्या आधी थांबा. बरं वाटलं की आठवड्याची सगळी कामं एका दिवसात उरकायचा मोह होतो. मग पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत हे फार होतं. अर्ध्या तासाचं काम आणि दहा मिनिटं बसणं, हा हिशोब जास्त लांब पोहोचवतो.

चाला. दुखत असताना चालायला सांगणं विचित्र वाटेल, पण झेपेल एवढ्या नियमित व्यायामाने या आजारांतला थकवा कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. सुरुवात दहा मिनिटांनी करा.

खाण्याबद्दल दोन शब्द. रील्समध्ये 'गहू सोडा, मेंदू साफ होईल' असं ठासून सांगितलं जातं. गहू सोडल्याने खरा फायदा सिलिॲक आजार असलेल्यांना होतो, कारण त्यांना गव्हातल्या ग्लुटेनचाच त्रास असतो. बाकीच्यांनी महागडी 'डिटॉक्स' पावडर घेण्यापेक्षा वेळेवर जेवण, डाळ, भाज्या, जमल्यास अंडं-दूध आणि पुरेसं पाणी यावर पैसे घालावेत.

घरच्यांसाठी

हातावर सूज असेल तर ती दिसते आणि आपण म्हणतो, 'राहू दे, मी उचलतो.' डोक्यातलं धुकं दिसत नाही, म्हणून तिथे बोलणी बसतात. फरक एवढाच आहे.

'आठव बरं, आठव' म्हटल्याने आठवत नाही, उलट घाबरून आणखी अडतं. शब्द सापडत नसेल तर थोडा वेळ द्या, नाहीतर सहज शब्द पुरवा आणि पुढे चला. एका दमात चार कामं सांगू नका. लेकरांसमोर विसरभोळेपणावर हसू नका. आणि पैशांचा हिशोब, गोळ्यांची डबी, गॅस बंद आहे का पाहणं, ही तीन कामं घरात वाटून घ्या. ही मेहरबानी नाही. घराची सुरक्षितता त्यात आहे.

देवाला नवस बोलायचा असेल तर जरूर बोला. पोहरादेवीला जाऊन या. पण त्यासाठी औषध थांबवू नका.

या वेळी मात्र एक तासही थांबू नका

ब्रेन फॉग हळूहळू येतो. पुढचं काही अचानक झालं तर तो ब्रेन फॉग नाही, १०८ ला फोन करायची वेळ आहे :

- तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं
- झटका किंवा फिट येणं
- माणसं, जागा, दिवस यांची ओळख अचानक न राहणं, भास होणं, वागणं एकाएकी बदलणं
- तापासोबत तीव्र डोकेदुखी आणि मान आखडणं
- अचानक दिसेनासं होणं

ल्युपसमध्ये मेंदूला सूज येऊ शकते, काही रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघात होऊ शकतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असताना जंतुसंसर्गही लवकर चढतो. दवाखान्यात पोहोचल्यावर आधी आजाराचं नाव आणि औषधांची यादी सांगा. म्हणूनच ते एक पान नेहमी पिशवीत असावं.

मग हे धुकं जातं का?

बऱ्याच जणांचं कमी होतं. मूळ आजार औषधाने शांत झाला, रक्त आणि थायरॉईड जागेवर आलं, झोप लागायला लागली की डोकंही मोकळं व्हायला लागतं. काहींचं पूर्ण जात नाही. त्यांना सोबत घेऊनच जगायला शिकावं लागतं, जसं आपण चष्मा लावून जगतो. वही, गजर, कॅलेंडरवरचा गोल हा त्यांचा चष्मा.

तुमच्या ओळखीत सांधे दुखणारी, सतत थकलेली आणि हल्ली 'फार विसरते' म्हणून बोलणी खाणारी कोणी असेल तर तिला एवढंच विचारा, रक्त तपासलं का, आणि आठवड्याच्या गोळीचा वार कोणता? या दोन प्रश्नांची उत्तरं तिच्या घरात दुसऱ्या कोणालातरी माहीत असणं, ही आजची पहिली गरज आहे.